आपला क्यू, आपली चूक

“दादा, चांगला क्यू घेतला तं गेम किती सुधरते?”

आमच्या तालुक्यातली पूल खेळायला लागलेली पोरं हे विचारतात तेव्हा मोबाइलवर एखाद्या चकचकीत क्यूचा, म्हणजे खेळायच्या काठीचा, फोटो आधीच उघडलेला असतो. उत्तर “लय सुधरते” असंच यावं, ही आशा चेहऱ्यावर दिसते. जळगाव जामोदसारख्या घाटाखालच्या गावात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जड आहे. इथे शिकवायला कोच नाही, जिमखान्याची परंपरा नाही. टेबल मालकाचं, बॉल मालकाचे, तासाचं भाडं मात्र आपलं. कपाशीच्या पैशातून किंवा पहिल्या पगारातून घेतलेला क्यू ही त्या पोराची या खेळातली एकुलती एक मालकीची वस्तू असते. ती कशी निवडायची आणि तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे त्याला नीट सांगणारं कोणीतरी हवं.

पुण्यात शिकत असताना हा खेळ माझ्या हाताला लागला आणि गावी परतल्यावरही सुटला नाही. इतक्या वर्षांत क्यूबद्दल जे मनोमन पटलं, ते इथे मांडतो. मुद्द्यांचा क्रम काटेकोर नाही. पहिला मात्र मुद्दाम पहिला ठेवला आहे, कारण बाकीचे सगळे त्याच्याच पोटातून निघाले आहेत.

१. क्यूचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो आजही कालच्यासारखाच वागतो

पार्लरच्या रॅकमधले क्यू एकाच दिवशी एकाच दुकानातून आलेले असले, तरी काही महिन्यांत त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना होतात. एकाची टोकावरची टिप घासून सपाट झालेली असते, दुसऱ्याची सुटून पुन्हा कशीबशी चिकटवलेली. तिसरा मधेच वाकलेला, चौथ्याचं बुडाचं रबर गळून पडलेलं. संध्याकाळच्या गर्दीत जो हाती लागेल तो घ्यायचा आणि खेळायचं.

आता बॉल पॉकेटच्या कडेला लागून परत आला. का आला? नेम चुकला असेल, हात वाकडा गेला असेल, किंवा क्यूनेच पांढऱ्या बॉलला किंचित बाजूला ढकललं असेल. रोज वेगळा क्यू धरणाऱ्याला या तिन्हींतलं नेमकं कारण सापडत नाही. तो पुढच्या वेळी अंदाजाने थोडं डावीकडे धरतो, आणि दुसऱ्या दिवशी क्यू बदलला की तो अंदाजही वाया जातो. वर्षानुवर्षं खेळून तिथेच राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या हातात कसब होतं. पण स्वतःची चूक त्यांना कधी स्पष्ट दिसलीच नाही.

तोच क्यू रोज हातात असला की तिसरं कारण हिशेबातून निघून जातं. उरतो नेम आणि हात, आणि ते दोन्ही सुधारता येतात. क्यूमुळे खेळ सुधारतो तो असा. बॉल पॉकेटात घालायचं काम क्यू करत नाही. बॉल का गेला नाही, हे तो खरं खरं सांगतो.

फरक किती बारीक असतो ते पाहा. दिशेत एका अंशाची गफलत झाली, तर मीटरभर अंतरावर पांढरा जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर सरकलेला असतो. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा. म्हणजे जिथे लागायचं तिथून बॉलच्या जवळजवळ एकतृतीयांश रुंदीइतकं बाजूला लागलं. एवढ्यात सोपा शॉटही हातचा जातो. आणि वाकड्या क्यूने, घसरत्या टिपेने एक अंश इकडेतिकडे होणं ही काही मोठी गोष्ट नाही.

आमच्याकडे घराघरात कॅरम आहे, म्हणून पोरांना हे समजावताना मी स्ट्रायकरचं उदाहरण देतो. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे स्ट्रायकर १५ ग्रॅमहून जड चालत नाही, त्यामुळे सगळ्यांचे स्ट्रायकर जवळपास एकाच वजनाचे. तरीही मुरलेला खेळाडू आपला स्ट्रायकर खिशात घालूनच येतो. कडेवरून रिबाउंड मारताना तो किती उसळेल, बोटावर किती भार येईल, हे त्याच्या बोटांना पाठ असतं. क्यूचंही तसंच, फक्त इथे लांबी जवळजवळ दीड मीटर आहे आणि चूक त्या प्रमाणात वाढते.

२. महाग म्हणजे योग्य नव्हे, पण जुळलेला क्यू हा खजिनाच

स्कॉटलंडच्या स्टीफन हेंड्रीने १९९० ते १९९९ या काळात स्नूकरची सात विश्वविजेतेपदं जिंकली. सातही वेळा त्याच्या हातात एकच क्यू होता, पोरवयात घेतलेला, सुमारे ४० पौंडांचा. व्यावसायिक खेळाडूंच्या मानाने अगदी स्वस्त. २००३ मध्ये विमानप्रवासात तो क्यू मोडला. पैसे टाकून हवा तसला क्यू करवून घेणं त्याला मुळीच अवघड नव्हतं, तरी त्याला झालेलं दुःख साऱ्या जगाने पाहिलं. त्याच वर्षी, काही आठवड्यांतच, नव्या क्यूने त्याने ब्रिटिश ओपन जिंकली. विश्वविजेतेपद मात्र पुन्हा त्याच्या हाती आलं नाही. वय वाढलं होतं, नवे खेळाडू पुढे आले होते, त्यामुळे सगळा दोष त्या मोडलेल्या क्यूवर टाकणं योग्य होणार नाही. मला यातून दोन गोष्टी दिसतात. ४० पौंडांच्या क्यूने जगातलं सर्वोच्च पद सात वेळा मिळू शकतं. आणि ज्याचा हात पक्का आहे तो क्यू बदलूनही जिंकू शकतो, पण जुळलेल्या क्यूची जागा नव्याला सहज घेता येत नाही.

म्हणून बजेट पाच हजारांचं असेल तर पाच हजारांतला सरळ क्यू घ्या आणि तो जन्मभराचा समजून वापरा. दर वर्षी नवा घेणाऱ्याच्या पदरी दर वर्षी नव्याने जुळवून घेणंच येतं.

३. पैसे खर्च करायचेच तर आधी टिपेवर

संपूर्ण क्यूमध्ये बॉलला शिवणारा भाग एकच, टोकाची ती चामड्याची टिकली. तिचा आणि पांढऱ्या बॉलचा स्पर्श साधारण एक हजारांश सेकंद टिकतो. तेवढ्या वेळात तुमचा नेम, जोर, फिरकी सगळं त्या चामड्यातून बॉलमध्ये उतरायचं असतं. टिप खराब असेल तर मागचं लाकूड कॅनडाचं असो की आणखी कुठलं, काही उपयोग नाही.

या चामड्याचा इतिहास मला फार आवडतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत क्यूचं टोक उघड्या लाकडाचं असे. मध्यापासून जरा बाजूला मारलं की ते बॉलवरून घसरायचं. फ्रांस्वा मँगो नावाचा फ्रेंच लष्करी अधिकारी तुरुंगात होता आणि तिथे बिलियर्ड्स खेळायची त्याला मुभा होती. त्याने क्यूच्या टोकाला चामडं लावून पाहिलं आणि बॉल मागे फिरवण्यापर्यंतचे शॉट साधले. १८०७ च्या सुमारास तो सुटला आणि पुढे लोकांना हे खेळ करून दाखवू लागला. आज आपण ज्याला ‘बॅक’ म्हणतो, साइड म्हणतो, तो सगळा खेळ त्या एवढ्याशा चामड्याने उभा केला आहे.

टिपेची गोलाई ठरावीक हवी. अमेरिकेत त्यासाठी त्यांच्या पाच सेंटच्या नाण्याची गोलाई धरतात. त्या नाण्याचा व्यास २१.२ मिलिमीटर आहे. आपल्याकडचं २०११ नंतरच्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं जवळजवळ २२ मिलिमीटरचं, म्हणजे काम भागतं. नाणं टिपेच्या मागे उभं धरून उजेडाकडे पाहायचं. दोन्ही कडा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. टिप सपाट असेल तर बारीक पॉलिश पेपरने हळूहळू गोल करायची. एकदम खरवडली तर चामडंच संपतं.

नवी टिप कुटली जाते, तिची कड बाहेर पसरते. ती कड फेरूलच्या, म्हणजे टिपेखालच्या कड्याच्या, बरोबरीने कापायला हवी, नाहीतर टोक एका बाजूला जाड राहतं. जुनी टिप काढल्यावर फेरूलचं तोंड पूर्ण साफ आणि सपाट झालं पाहिजे. जुन्या गोंदाचा कण राहिला तरी नवी टिप नीट बसत नाही आणि मारताना ठक्कऐवजी पोकळ आवाज येतो. त्या आवाजाकडे कान ठेवा. टिप सुटायला लागली की आधी कानाला कळतं.

मऊ टिप की कडक? मऊ टिप खडू चांगला धरते पण लवकर दबते. कडक टिप आकार टिकवते, मात्र खडूची हयगय सहन करत नाही. आमच्याकडे टिप बदलून देणारा कारागीर हाताशी नसतो, म्हणून मी मध्यम टिप घ्यायला सांगतो. थरांची टिप मिळाली तर उत्तम, ती आकार जास्त दिवस धरते.

४. खडू प्रत्येक शॉटआधी, आणि हळुवार

हा मुद्दा छोटा आहे, पण त्याशिवाय वरचा मुद्दा अर्धा राहतो. पूलचा निळा खडू म्हणजे शाळेतला खडू नव्हे. १८९७ साली विल्यम स्पिंक्स हा बिलियर्ड्सपटू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ या दोघांनी अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. त्यात सिलिका आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड असतं. ते कण टिपेला आणि बॉलला क्षणभर एकमेकांत रुतवतात. खडू असूनही बॉलच्या मध्यापासून कडेकडे साधारण अर्ध्या अंतरापलीकडे मारलं तर टिप घसरतेच. खडू नसेल तर त्याच्या कितीतरी आधी घसरते.

पोरं खडूच्या ठोकळ्यात क्यू गरागरा फिरवतात. त्याने मधे खड्डा पडतो, फेरूलला निळे डाग लागतात आणि टिपेच्या कडेला, जिथे साइड मारताना खरी गरज असते, तिथेच खडू लागत नाही. रंगाऱ्याने कुंचला फिरवावा तसा ठोकळा टिपेवरून फिरवायचा आणि नजरेने तपासायचं, एवढंच.

५. वजन वाढवून जोर वाढत नाही

“भारी क्यू घेतला तं ब्रेक जोरात जाते ना?” हा हमखास येणारा प्रश्न.

पूलचे क्यू साधारण १८ ते २१ औंसांचे, म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅमचे असतात. नियमाने कमाल २५ औंस चालतात. बॉल १५६ ते १७० ग्रॅमचा. साधं गणित मांडा. हाताचा वेग तोच ठेवून ५१० ग्रॅमऐवजी ५९५ ग्रॅमचा क्यू आपटला, तर बॉलचा वेग वाढतो फक्त साडेतीन टक्क्यांच्या आसपास. पण जड क्यू तुम्ही त्याच वेगाने फिरवू शकत नाही. हात मंदावतो आणि ते साडेतीन टक्केही जातात. ब्रेकचा, म्हणजे डाव उघडणाऱ्या पहिल्या फटक्याचा, जोर वेगात आहे, आणि पांढरा पहिल्या बॉलला किती बरोबर मधोमध लागतो यात आहे.

वजनापेक्षा तोल बघा. क्यू एका बोटावर आडवा तोलून धरा. तोलाचा बिंदू बुडापासून कुठे येतो ते लक्षात ठेवा. पुढे जड असलेला क्यू सरळ जायला मदत करतो, मागे जड असलेला हाताला हलका वाटतो. कोणता चांगला, याचं एकच उत्तर नाही. कोपराखालचा हात सैल लोंबता ठेवून चार-पाच वेळा मागेपुढे झुलवला की मनगटाला ताण न देता जो फिरतो, तो तुमचा. शंका असेल तर १९ औंसांचा घ्या. बहुतेकांना तो निभावतो.

६. पूलचा क्यू आणि स्नूकरचा क्यू यांची सरमिसळ करू नका

एकाच हॉलमध्ये दोन्ही टेबलं असली की दोन्हींचे क्यू एकाच रॅकमध्ये येतात, आणि नव्या माणसाला फरक समजत नाही. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, हलका. त्याच्या क्यूची टिप ९ ते १० मिलिमीटरची, दांडा बहुधा ॲश लाकडाचा, ज्यावर बाणासारख्या रेषा स्पष्ट दिसतात. पूलच्या क्यूची टिप १२ ते १३ मिलिमीटरची, दांडा मेपलचा, गुळगुळीत आणि जवळजवळ बिनरेषेचा. पूलच्या ब्रेकला स्नूकरचा क्यू वापरला की बारीक टोकावर त्याला न झेपणारा मार बसतो आणि फेरूल सैल होते. उलट, पूलच्या जाड टिपेने स्नूकरच्या लहान बॉलवर नेमकी जागा शोधणं अवघड.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्नूकर हा खेळ जन्मला तो आपल्या सातपुड्याच्या पलीकडे, जबलपूरला. १८७५ साली तिथल्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल मांडून हा नवा डाव सुरू केला. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सने १९५८ साली कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचं विश्वविजेतेपद मिळवलं. कोणत्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. १९६४ मध्ये न्यूझीलंडला त्याने ते पुन्हा जिंकलं. मुंबईचा मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ असा तीनदा जगज्जेता. आजचा जगज्जेता पंकज अडवाणी याचा जन्मही पुण्याचाच, १९८५ चा. हा खेळ साहेबांचा, किंवा ‘टाइमपास पोरांचा’, असं जे आमच्याकडे बोललं जातं ते मला मनापासून खटकतं. ज्या खेळात या मातीतल्या माणसांनी एवढं मिळवलं, तो खेळ तालुक्याच्या पोराने मन लावून खेळायला हवा, आणि त्याच्या घरच्यांनी तो समजून घ्यायला हवा.

आता पुन्हा क्यूकडे. तो निवडताना नियम सोपा. ज्या टेबलावर आठवड्यातला जास्त वेळ जातो, त्याचा क्यू घ्या. दोन्ही खेळ सारखेच आवडत असले तरी सुरुवातीला एकच.

७. सरळपणा सुताराच्या डोळ्याने तपासा

दुकानात क्यू टेबलावर लोळवून दाखवतात. त्याने काही अंशी कळतं, पण टेबल स्वतः समपातळीत नसेल किंवा जोड किंचित सैल असेल तर फसगत होते. खात्रीचा उपाय आपल्या सुतारांचा. एक डोळा मिटायचा, बुडाकडून टोकाकडे दांड्याच्या कडेने पाहायचं, आणि क्यू हळूहळू आपल्याभोवती फिरवायचा. वाक असेल तर एका बाजूला कड पोटाशी फुगलेली दिसते आणि फिरवताना ती जागा बदलते. मग दोन्ही तुकडे सुटे करून एकेक पाहायचा. दोन्ही सरळ आणि जोडल्यावर वाकडा दिसला, तर दोष जोडाचा.

लाकडाचे रेषे बघा. ते टोकापर्यंत सरळ गेलेले असावेत. मधेच कडेला सुटणारे रेषे असतील तर तो दांडा पुढे वाकतोच. सातपुड्याच्या कुशीतल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. कुऱ्हाडीला दांडा घालायचा तर आमच्याकडे धावड्याचं लाकूड शोधतात आणि त्यातही सरळ रेष्याचा तुकडा निवडतात. क्यूला ॲश आणि मेपल लागतं, आणि स्वस्तातल्या क्यूंना बऱ्याचदा रॅमिन. पण नजर तीच.

८. आपल्या हवेत क्यू सांभाळणं हे अर्धं काम

अक्षय तृतीयेला आमच्या तालुक्यात भेंडवळला घटमांडणी होते. पाऊस-पाण्याचं, पिकांचं भाकीत ऐकायला दूरदूरून शेतकरी येतात. त्या दिवसापासून पहिला दमदार पाऊस येईपर्यंतचा आणि त्यानंतरचा महिना, हा काळ लाकडी क्यूच्या खऱ्या परीक्षेचा. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत. लाकडातला ओलावा निघून जातो, ते आखडतं. मग जूनच्या शेवटी हवा दमट होते आणि तेच लाकूड पुन्हा ओलावा पितं. ही ये-जा दांड्याच्या सगळ्या बाजूंनी सारखी झाली तर बिघडत नाही. एका बाजूने जास्त झाली की दांडा वाकतो.

म्हणून क्यू भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, विशेषतः पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला. पत्र्याच्या खोलीत छताजवळ नको, उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको. गाडी बंद असताना आतलं तापमान बाहेरपेक्षा कितीतरी चढतं, आणि त्या उष्णतेने लाकडाबरोबर टिपेचा गोंदही सुटतो. कूलरसमोरची जागाही टाळा. दिवसभर ओलसर वारा एकाच बाजूने लागतो. केसमध्ये घालून, घरातल्या आतल्या खोलीत, आडवा सपाट किंवा अगदी सरळ उभा ठेवा. कपाटातली चादरींची फळी मला सगळ्यात सुरक्षित वाटते.

उन्हाळ्यात हाताच्या घामाने दांडा चिकट होतो आणि पोरं त्यावर टाल्कम पावडर फासतात. ती कापडावर पडते, मालक ओरडतो, आणि घामात मिसळून तिचा लेप बनतो. त्यापेक्षा किंचित ओलसर सुती फडकं फिरवा, लगेच कोरड्याने पुसा, आणि तळहाताने जोरात घासून दांडा गरम करा. सँडपेपरने घासायचा मोह आवरा. दर वेळी थोडं लाकूड जातं आणि दांडा नकळत बारीक होतो. तसं झालं की तो पूर्वीचा क्यू राहत नाही आणि पहिल्या मुद्द्यात सांगितलेला सगळा फायदा हातचा जातो.

९. लो-डिफ्लेक्शन, कार्बन वगैरे नंतर

पांढऱ्याला मध्यापासून डावीकडे मारलं की तो नेमक्या रेषेत न जाता थोडा उजवीकडे सरकतो. हे सरकणं मुख्यतः दांड्याच्या टोकाकडच्या वजनावर अवलंबून असतं. टोक हलकं तर सरकणं कमी. १९९० च्या दशकात अमेरिकेत टोक मुद्दाम हलके केलेले, म्हणजे लो-डिफ्लेक्शन, दांडे बाजारात आले आणि अलीकडे कार्बन फायबरचे आले. कार्बनचा एक फायदा आमच्या भागात खरोखर मोलाचा आहे. त्याला ना मे महिन्याची झळ लागत, ना जुलैची ओल.

पण लक्षात घ्या, सरकणं कमी होतं, संपत नाही. साइड न मारता सरळ फटक्याने सगळ्या टेबलावर पांढरा खेळवता यायला लागला, की मगच या दांड्याचा फरक कळतो. आणि एकदा तो घेतला की जुन्या दांड्याची सवय विसरून नव्याने नेम बसवावा लागतो. जिल्हास्तरावर, राज्यस्तरावर खेळायला लागलेल्या मुलाने जरूर घ्यावा. सुरुवात करणाऱ्याने तेच पैसे टेबलाच्या तासांवर घालावेत.

१०. क्यूच्या हातात जे नाही, ते नाही

उभं राहणं, ब्रिज म्हणजे क्यूला आधार देणारा पुढचा हात, आणि कोपराखालचा सरळ हात, या तिन्हींत क्यू काहीच करू शकत नाही. यासाठी पूलचं टेबलही लागत नाही. घरच्या टेबलावर पाण्याची रिकामी बाटली आडवी ठेवा आणि तिच्या तोंडात क्यूचं टोक कडेला न लागता आत-बाहेर करा, आधी हळू, मग शॉटच्या वेगाने. कडेला लागलं की आवाज येतो आणि कोणत्या बाजूला हात जातो ते लगेच समजतं. लाइट गेलेली असतानाही हा सराव होतो, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी आमच्याकडे त्यासाठी भरपूर वेळ मिळतो.

लहान मुलांना आणि कमी उंचीच्या मुलींना ५७-५८ इंचांचा क्यू देऊन ‘हळूहळू जमेल’ म्हणू नका. त्यांचा मागचा हात क्यूच्या बुडापर्यंत पोचतच नाही, तोल बिघडतो, आणि वाकडा फटका कायमचा अंगवळणी पडतो. ४८ आणि ५२ इंचांचे क्यू मिळतात. नियमात किमान लांबी ४० इंचांची आहे, त्यामुळे लहान क्यूने खेळणं पूर्ण नियमात बसतं.

११. पैसे नसतील तर

बरीचशी पोरं क्यू घेऊ शकत नाहीत, आणि त्यांना वाटतं की आपला खेळ तिथेच संपला. तसं नाही. रॅकमधले सगळे क्यू एकदा सावकाश तपासा. त्यातला सगळ्यात सरळ निवडा, टिपेची काळजी नको, ती बदलता येते. त्याच्या बुडाशी बारीक दोरा बांधा किंवा रंगाचा ठिपका द्या. मालकाला सांगा, “काका, मी याच क्यूनं खेळत जाईन, याची टिप मी माह्या पैशानं बदलून आनतो.” या बोलण्याला नकार देणारा मालक मला अजून भेटलेला नाही. टिप चांगली बसली की दोन-तीन मित्र मिळून तोच क्यू वापरा, पण टिपेची गोलाई एकदा ठरवा आणि ती कोणी एकट्याने बदलायची नाही, असं ठरवून घ्या. गर्दीच्या वेळी तो दुसऱ्याच्या हातात जाईल, म्हणून शक्य असेल तर दुपारच्या आत, टेबल मोकळं असताना जा. त्या वेळी भाडंही बऱ्याच ठिकाणी कमी लावतात.